टोकियोच्या रस्त्यावरचे कपडे : तुम्ही काय पाहिलंत?

टोकियोला जाऊन आलेल्या, तिथे राहिलेल्या किंवा अजून राहत असलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. देवळं, बुलेट ट्रेन, सुशी यांवर भरपूर लिहून झालंय. मला वाचायचंय ते रस्त्यानं चालणाऱ्या माणसांच्या अंगावरच्या कपड्यांबद्दल. कुठे काय पाहिलंत ते नीट आठवून लिहा. एखादी बाही, एखादा बूट, काहीही चालेल.

सुरुवात मी करते. हाराजुकु स्टेशनसमोरची ताकेशिता गल्ली जेमतेम साडेतीनशे मीटरची, पण रविवारी दुपारी तिथे पाऊल पुढे टाकायला जागा नसते. क्रेपच्या, म्हणजे गोड पातळ धिरड्यांच्या दुकानापाशी रांगेत माझ्यापुढे लोलिता पद्धतीच्या, जुन्या युरोपी बाहुलीसारख्या पोशाखातली एक मुलगी उभी होती. फोटोंत हे पोशाख नुसते गोंडस दिसतात. जवळून पाहताना माझी नजर खिळली ती शिवणीवर. फिकट निळा झगा, आत पेटीकोटचे थर आणि घेराच्या काठानं छापलेली फुलांची नक्षी. ती नक्षी शिवणीपाशी कुठेही तुटलेली नव्हती, फुलाला फूल बरोबर जुळलेलं. माझी आई कपडे शिवायची, त्यामुळे अशी नक्षी जुळवायला किती कापड जास्तीचं लागतं ते मला माहीत आहे. कॉलरची लेस आणि हातमोज्यांची लेस एकाच जातीची, छत्रीही त्याच निळ्या रंगाची. क्रेप हातात आल्यावर तिनं पिशवीतून मोठा रुमाल काढून गळ्याशी बांधला, सावकाश खाल्लं आणि रुमालाची घडी घालून परत आत ठेवला. कपड्याला इतकं जपणं मी आमच्या घरी फक्त पैठणीच्या बाबतीत पाहिलंय.

•

(निशिकासाईहून)

ताई, छान विषय. पण इथे नोकरी करणाऱ्याच्या बाजूनं सांगतो, सकाळच्या तोझाई लाइनवर तुम्हाला हा निळा झगा दिसणार नाही. गच्च भरलेल्या डब्यात काळा, गडद निळा, करडा, फार तर मातकट. नोकरीच्या मुलाखतींना निघालेले कॉलेजचे विद्यार्थी तर लगेच ओळखू येतात. काळा सूट, पांढरा शर्ट, मुलींचे केस मागे घट्ट बांधलेले आणि हातात जमिनीवर ठेवली तरी उभी राहणारी काळी बॅग. सगळे अगदी एकसारखे.

उन्हाळ्यात मात्र फरक पडतो. २००५ साली सरकारनं 'कूल बिझ' मोहीम काढली. ऑफिसातला एसी २८ अंशांवर ठेवा आणि त्यासाठी टाय, कोट उतरवा, असं सांगितलं. तेव्हापासून उन्हाळ्यात बिनटायचे लोक सर्रास दिसतात. आमच्या ऑफिसातले वयानं मोठे सहकारी अजूनही कपाटात एक टाय ठेवतात, अचानक ग्राहक आला तर असावा म्हणून. मला वाटतं हाराजुकुचा रविवार समजून घ्यायला हा सोमवार पाहायलाच हवा.

•

तरुणांच्या फॅशनसाठी हाराजुकुच का, असं पुष्कळ जण विचारतात म्हणून थोडं मागचं लिहिते. मी जपानी शिकवते, त्यामुळे हे सतत वाचनात येतं.

युद्धानंतर आजच्या योयोगी पार्कच्या जागेवर अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांची वसाहत होती, 'वॉशिंग्टन हाइट्स' नावाची. त्यांच्यासाठी आसपास परदेशी वस्तूंची दुकानं निघाली. १९६४च्या ऑलिंपिकसाठी ती जागा जपानला परत मिळाली आणि तिथे खेळाडूंचं गाव झालं. परदेशी वस्तूंचा वास लागलेला हा भाग मग तरुणांचा झाला. १९७८ला 'लाफोरे' ही कपड्यांच्या दुकानांची इमारत उघडली. रविवारी मोठा रस्ता गाड्यांसाठी बंद व्हायचा आणि १९८०च्या आसपास 'ताकेनोको' मंडळी ढगळ, भडक रंगांचे झगे घालून तिथे घोळक्यानं नाचायची. त्यांचं नाव ताकेशिता गल्लीतल्या ज्या दुकानातून ते झगे यायचे त्याच्यावरूनच पडलं.

१९९८ साली तो वाहनबंदीचा रविवार कायमचा संपला. त्याच्या आदल्याच वर्षी शोइची आओकी या छायाचित्रकारानं 'फ्रूट्स' मासिक सुरू केलं होतं. रस्त्यावरच्या पोरांना थांबवून त्यांचे डोक्यापासून पायापर्यंत फोटो काढायचे, एवढाच त्याचा मजकूर. जुने अंक पाहिलेत तर किमोनोचा तुकडा, शाळेचा शर्ट आणि प्लास्टिकची खेळणी एकाच अंगावर दिसतील. २०१७ला आओकींनी मासिक थांबवलं. फोटो काढावेत अशी पोरं आता रस्त्यावर सापडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पूर्ण पटत नाही, पण त्यांनी त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं उभं राहून पाहिलंय, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन आहे. उभं राहायला मोकळा रस्ताच उरला नाही तर पोरं एकमेकांना पाहणार तरी कुठे?

•

एकच सांगायचंय. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. विचारलंत तर बहुतेक जण आनंदानं उभे राहतात, नाही म्हणाले तर हसून पुढे चला. आमच्या ग्रुपमधल्या एकानं लांबून झूम करून काढला, तेव्हा त्या मुलीनं पिशवीनं चेहरा झाकला. मला फार वाईट वाटलं.

•

(इचलकरंजी, सध्या पुणे)

कापडाच्या धंद्यातला माणूस आहे, त्यामुळे माझं लक्ष वेगळीकडे. कोएंजी आणि शिमोकिताझावा या दोन भागांत जुन्या कपड्यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. एका जीन्सच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते दुकानदाराकडून वाचून घेतलं. उजव्या गुडघ्याखाली छोटा डाग, मागच्या खिशाच्या कोपऱ्याला झीज, चेन मूळचीच. विकणारा स्वतः होऊन दोष लिहून ठेवतो! घेणाराही ती झीज बोटानं चाचपून बघतो, कारण नीळ कुठे कशी उतरली आहे यावर त्याचा भाव ठरतो. ओकायामाकडच्या कोजिमा गावात अजून जुन्या, अरुंद पन्ह्याच्या मागांवर डेनिम विणतात. काठ पक्का असतो, उसवत नाही. हौशी लोक पँटची खालची कड मुद्दाम बाहेर दुमडतात तो हा काठ दिसावा म्हणून. आमच्याकडे असे साधे माग भंगारात गेले, ते आठवून जीव हळहळला.

आणि बांधकामावरचे कामगार पाहा. मांडीपाशी प्रचंड फुगीर आणि घोट्याशी घट्ट अशी पँट, पायात अंगठा वेगळा असलेले कापडी बूट. परांचीवर चढताना त्या बुटांमुळे पायाला बांबूची, पाइपाची पकड मिळते. माझ्या मते त्या शहरातला सर्वांत देखणा पोशाख तोच.

•

मुलीला घेऊन गेले होते. तिला शिबुयाचं '१०९' बघायचं होतं. १९७९ची ती इमारत नव्वदच्या दशकात 'ग्यारू' मुलींचं माहेरघर होती. उन्हानं रापवलेली त्वचा, रंगवलेले केस, गणवेशाच्या आखूड स्कर्टखाली घोट्याशी चुण्या पडणारे ढगळ पांढरे मोजे. माझ्या पिढीनं हे मासिकांत पाहिलेलं. मुलीला त्या मोज्यांचा जोड दुकानात मिळाला, ही फॅशन परत आली आहे म्हणे.

तिला जास्त आवडलं ते मात्र १ जूनला सगळ्या शाळांतली मुलं उन्हाळी गणवेशात दिसली ते. बऱ्याच शाळांत त्याच दिवशी बदल होतो, हिवाळी कपडे १ ऑक्टोबरला. आदल्या संध्याकाळी गडद कोट आणि सकाळी सगळी गल्ली पांढऱ्या बाह्यांची.

•

मी आओयामात 'कॉम दे गार्सों'च्या दुकानात फक्त बघायला गेलो होतो. डिझायनर रेइ कावाकुबो यांनी कपड्यांचं हे नाव १९६९ला सुरू केलं. १९८१ला त्या आणि दुसरे डिझायनर योजी यामामोतो आपले कपडे दाखवायला पॅरिसला पोचले आणि ऐंशीच्या दशकात टोकियोत त्यांच्यासारखं नखशिखांत काळं घालणाऱ्यांना लोक 'कावळ्यांची टोळी' म्हणू लागले. आपल्याकडे संक्रांत सोडली तर काळं घालताना घरचे दोनदा विचारतात. इथे एकाच काळ्यात लोकर, सुती, चुरगळलेलं, चकाकणारं असे किती तरी काळे रंग एका कोटावर पाहिले.

•

तरुणांचंच चाललंय, म्हणून टोकियोतल्याच सुगामो भागाचं नाव सुचवतो. 'आजीबाईंचं हाराजुकु' म्हणतात त्याला. जिझो या बौद्ध देवतेच्या देवळाची यात्रा ४, १४ आणि २४ तारखेला भरते, तेव्हाच जा. लाल रंगानं प्रकृती चांगली राहते या समजुतीमुळे तिथे नुसत्या लाल आतल्या कपड्यांचं दुकान आहे आणि त्यात आज्या मोकळेपणानं मापं विचारत असतात. माझी पत्नी सत्तरीची आहे. तिला गुडघ्याला त्रास न देणारे, पण दिसायलाही सुरेख असे बूट त्याच रस्त्यावर मिळाले. म्हातारपणी छान दिसावंसं वाटणं तिथे कुणाला खटकत नाही.

•

(टोकियो)

जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी सज्ञान झालेल्या मुलामुलींचा समारंभ असतो. त्या दिवशी कुठल्याही स्टेशनवर लांब बाह्यांच्या किमोनोतल्या, खांद्यावर पांढरी फरची पट्टी घेतलेल्या मुली दिसतात. किमोनोला बटण नाही. डावी बाजू वर, आतून दोऱ्या आणि वरून ओबी, म्हणजे रुंद कमरपट्टा. उजवी बाजू वर फक्त मृताच्या अंगावर घेतात, म्हणून शेजारच्या आजी नातीचा गळा दोनदा तपासत होत्या.

योयोगी पार्कात भारतीय महोत्सव होतो तिथे मी नऊवारी नेसून गेले होते. किमोनो नेसायला शिकवणाऱ्या एक बाई अर्धा तास माझ्या काष्ट्याभोवती फिरत होत्या. एकही पिन नाही, यावर त्यांचा विश्वास बसेना. शेवटी चटईवर उभं राहून कमरेच्या गाठीपासून सगळं दाखवलं, त्यांनी चित्र काढून घेतलं. आता त्या मला ओबी बांधायला शिकवणार आहेत आणि मी त्यांना नऊवारी. दिवाळीनंतरचा एखादा रविवार ठरतोय. कुणाला यायचं असेल तर इथेच सांगा, साडी माझ्याकडे जास्तीची आहे.