मदत हवी आहे: घरात बाळंतीण आहे आणि मुलाला फ्लू झालाय, आता लस घेऊन उपयोग आहे का?

पाऊसवेडी: बहीण बाळंतपणाला आलीये आणि काल रात्री माझ्या मुलाला सणकून ताप भरला, खोकला, अंग इतकं ठणकतंय की हात लावला तरी रडतो. डॉक्टर म्हणाले फ्लू वाटतोय, बाळापासून लांब ठेवा. वन बीएचके आहे हो, लांब म्हणजे कुठे ठेवू? रविवारी बारसं आहे. आज सगळ्यांनी लस टोचून घेतली तर चालेल का, बाळालाही देता येते का, प्लीज पटकन सांगा.

कोथरूडकर: बाळ किती दिवसांचं? मुलगा केवढा? ताप किती? औषध काय चालूये?

पाऊसवेडी: सॉरी, घाईत राहिलं. बाळ १९ दिवसांचं, मुलगा ७ वर्षांचा, ताप १०२, पॅरासिटामॉल देतेय.

रात्रपाळी: मी नर्स आहे. फ्लूची लस ६ महिन्यांच्या आत देत नाहीत, म्हणूनच बाळाभोवतीच्या मोठ्यांनी घ्यायची असते. पण आज घेतलीत तरी लागू पडायला साधारण २ आठवडे जातात, रविवारसाठी तिचा भरवसा धरू नका. तरी घ्याच, पुण्यात पावसाळाभर फ्लू असतो आणि परत थंडीत येतो. बाळंतिणीलाही चालते, अंगावर पाजत असली तरी. मुलाला बरं वाटल्यावर द्या, पहिलीच वेळ असेल तर ९ वर्षांखाली ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. आणि ऑसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाचं डॉक्टरांना आजच विचारा, पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोग होतो.

आजीचा_बटवा: लस कशाला एवढ्याशा तापाला, बाळंतिणीच्या खोलीत ओवा-वेखंडाची धुरी द्या दोन्ही वेळा. आमच्याकडे चार बाळंतपणं अशीच झाली.

रात्रपाळी: धुरी नको हो ताई, १९ दिवसांच्या जिवाला धूर सोसत नाही. खिडकी उघडी ठेवा त्यापेक्षा.

आजीचा_बटवा: पावसात खिडकी उघडी? बाळ गारठेल की!

बग_फिक्सर: मी मागच्या वर्षी लस घेतली आणि दुसऱ्याच दिवशी झोपलो. लसीनेच फ्लू होतो, स्वानुभव.

कोथरूडकर: इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही, एखादा दिवस कणकण येते. २००९ ला पुण्यात होतात का तुम्ही? स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथलाच, शाळा बंद, मास्कसाठी मेडिकलपुढे रांगा. तोच एच१एन१ विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूत आहे.

सातारी_कंदी: माझे वडील ७२, दमा आहे. न्यूमोनियाची लस एकदाच घ्यायची का?

कोथरूडकर: वेगळा धागा काढा ना, इथे बाळाचं चाललंय. पाऊसवेडी, बहिणीचं सासर कुठे?

पाऊसवेडी: चिंचवडला. पण सवा महिन्याआधी पाठवायचं नाही म्हणते आई.

कोथरूडकर: अहो मग हे आधी सांगायचं! तासाभराचा रस्ता आहे. तिकडे सगळे ठणठणीत असतील तर आजच पाठवा. सवा महिन्याचं आईंना मी समजावतो हवं तर, फोनवर.

रात्रपाळी: अगदी. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून ५-७ दिवस लागण होऊ शकते, लहान मुलांकडून जास्तही. बहिणीने मास्क लावून, हात धुऊन पाजत राहावं, दूध तोडू नका. आणि बाळाचा ताप १००.४ किंवा वर गेला, किंवा ओढून पिईनासं झालं, तर वाट न बघता थेट दवाखाना.

घुगऱ्या: बारसं पुढे ढकला, हॉलवाले तारीख बदलून देतात, आमची दिली होती.

पाऊसवेडी: ढकललं. आईशी भांडून टॅक्सी बोलावलीये. मुलगा आतल्या खोलीच्या दाराशी उभा राहून रडतोय, पाळण्यावरचं चिमणाळं त्याने आणि मी मिळून शिवलंय, ते बांधताना त्याला बाळ बघायचं होतं. रात्रपाळी, बाळाला सकाळपासून दोनतीन शिंका आल्यात, त्याचं काही असतं का?

रात्रपाळी: नुसत्या शिंका तान्ह्या बाळांना येतातच. ताप मोजलात का? काखेत लावून बघा.

पाऊसवेडी: थर्मामीटर एकच आहे, मुलाचा.

रात्रपाळी: तो नको. टॅक्सी यायच्या आत मेडिकलमधून नवा आणा, आणि आकडा इथे टाका.