जुन्या संगणकावर कुठला विंडो मॅनेजर? माझं मत आइसडब्ल्यूएम, विरोध असल्यास जरूर मांडा

वाळवंटीकाठ (साखळी)

आमच्या गावच्या वाचनालयात पाच जुने संगणक आहेत. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, प्रत्येकी २ जीबी रॅम, दोघांत अजून फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या यंत्रांना अधिकृतपणे चालत नाही. समितीच्या बैठकीत ती भंगारात काढायचा विषय निघाला तेव्हा मी एक महिन्याची मुदत मागून घेतली आणि पाचही यंत्रांवर डेबियन हे लिनक्स घातलं. सगळी सुरू झाली. आता प्रश्न एवढाच उरलाय की विंडो मॅनेजर कुठला ठेवायचा.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. लिनक्सवर पडद्यावर चित्र उमटवणारा एक्स सर्व्हर वेगळा आणि खिडक्यांना चौकट देणारा, त्या हलवणारा, कुठली पुढे नि कुठली मागे ते ठरवणारा प्रोग्रॅम वेगळा. हा दुसरा म्हणजे विंडो मॅनेजर. ग्नोम किंवा केडीई यांसारखा पूर्ण डेस्कटॉप घेतलात तर तो सगळा संसार घेऊन येतो. एकटा घेतलात तर संसार आपण मांडायचा.

मी आइसडब्ल्यूएमच्या बाजूने आहे. १९९७ पासूनचा, आणि अजूनही त्याची देखभाल चालू आहे. खालची पट्टी, मेनू, घड्याळ सगळं त्याच्याच पोटात, वेगळं पॅनेल जोडायला नको. लॉगिन केल्यावर काहीही न उघडता आमच्या यंत्रावर साधारण २०० एमबी मेमरी लागते. तिथेच ग्नोम लावून बघितलं तर आकडा १ जीबीच्या आसपास गेला.

पण आकड्यापेक्षा मला माणसं महत्त्वाची वाटतात. आमच्याकडे सकाळी पेपर वाचायला आजोबा येतात, कोणी फॉर्म वन-फोर्टीनची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, प्रत काढायला येतो, भजनी मंडळाचा हिशेब लिहिला जातो, जत्रेच्या नाटकाची पात्रयादी टाइप होते. या सगळ्यांना खालची पट्टी आणि माऊस कळतो. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं असं की सार्वजनिक जागेवरच्या संगणकावर टायलिंग विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या एकावर एक न ठेवता फरशीसारख्या शेजारी मांडणारा, ठेवणं चूक आहे.

कीबोर्डकर (फोंडा)

साफ असहमत. तुमच्या वाचकांना खालची पट्टी कळते हे तुम्ही गृहीत धरलंय. आज चाळिशीच्या आतला माणूस संगणकावर शिकलेला नाही, फोनवर शिकलाय. फोनवर एका वेळी एकच गोष्ट पूर्ण पडदा व्यापते. एकावर एक खिडक्या रचायच्या आणि मागची शोधत बसायचं, ही सवय त्याला कधी लागलीच नाही.

माझी मावशी घरी संगणकावर बसते. तिचा नेहमीचा प्रश्न एकच, "अरे, ते आत्ता होतं ते खंय गेलं?" ते कुठेच गेलेलं नसतं, दुसऱ्या खिडकीच्या मागे असतं. तिच्या यंत्रावर मी आय-थ्री हा टायलिंग विंडो मॅनेजर घातला आणि सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहिली, वर्कस्पेस लेआउट टॅब्ड. आता उघडेल ती खिडकी पूर्ण पडदाभर आणि वर ब्राउझरसारखे टॅब. मागे काही लपतच नाही. तो प्रश्न त्या दिवसापासून बंद झाला.

आय-थ्री २००९ पासून आहे, मायकेल स्टापेलबर्ग यांनी सुरू केलेला. त्याची माहितीपुस्तिका इतकी नीट लिहिलेली आहे की दुसरीकडे विचारायला जावं लागत नाही. टायलिंग म्हणजे काळा पडदा आणि शंभर शॉर्टकट, हा समज सोडा.

वाळवंटीकाठ (साखळी)

मावशीचं उदाहरण पटलं, मनापासून. फोनचा मुद्दाही मी विचारात घेतला नव्हता.

पण एक सांगा, मावशीसाठी घरात तुम्ही आहात. आमच्याकडे दुपारी चार ते सात ग्रंथपाल बाई एकट्या असतात. आय-थ्रीत सगळ्या खिडक्या बंद केल्या की समोर मोकळा पडदा आणि एक बारीक पट्टी उरते. हातात फक्त माऊस असलेल्या माणसाला टिचकी मारायला तिथे काय आहे? प्रोग्रॅम उघडायचा तर मॉड (म्हणजे ऑल्ट किंवा विंडोजची कळ) आणि डी दाबून त्याचं नाव इंग्रजीत टाइप करायचं. फोनवर निदान चिन्हं तरी दिसतात.

मास्तरीण (पेडणे)

तुम्ही दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडताय. आइसडब्ल्यूएम काय नि आय-थ्री काय, विंडो मॅनेजर स्वतः वीस-पंचवीस एमबी घेणार. वर्तमानपत्राचं एक संकेतस्थळ जाहिरातींसकट उघडलं की ब्राउझर त्याच्या दसपट घेतो. वाचवायचं असेल तर तिथे वाचवा: जाहिरात रोखणारं एक्स्टेंशन घाला, झेडरॅम चालू करा म्हणजे रॅममध्येच दाबून साठवण होईल. आणि वर सरळ एक्सएफसीई हा हलका पण पूर्ण डेस्कटॉप ठेवा.

मी हे अनुभवाने सांगते. एका शाळेच्या प्रयोगशाळेत एका हौशी मुलाने फक्त विंडो मॅनेजर घालून सगळं सुंदर करून दिलं होतं. त्याला बेंगळुरूला नोकरी लागली, तो गेला. त्यानंतर पेन ड्राइव्ह लावला तर दिसेना, आवाज कुठून वाढवायचा कळेना, वायफायचा पासवर्ड बदलला तेव्हा तर दोन दिवस संगणक नुसते उभे होते. एक्सएफसीईत या गोष्टी येतानाच जोडलेल्या असतात. तुमच्या त्या वन-फोर्टीनवाल्याने पेन ड्राइव्ह आणला तर आइसडब्ल्यूएममध्ये आपोआप उघडतो का? आणि मराठी टायपिंगचं काय केलंत?

वाळवंटीकाठ (साखळी)

मास्तरीणबाई, पेन ड्राइव्ह आपोआप उघडत नव्हता, हे खरं आहे. त्यासाठी फाइल मॅनेजर आधीपासून मागे चालू ठेवावा लागतो. ती आज्ञा मी आइसडब्ल्यूएमच्या स्टार्टअप नावाच्या फाइलीत लिहिली, वायफायचं चिन्ह आणि मराठी टायपिंगचं आयबसही त्यातच लिहिलं. पुन्हा लॉगिन केलं तर काहीच सुरू होईना. चूकही दाखवेना. एक संध्याकाळ गेली. शेवटी कळलं की त्या फाइलीला चालवण्याची परवानगी द्यावी लागते, नाहीतर आइसडब्ल्यूएम तिच्याकडे बघतसुद्धा नाही. परवानगी दिली आणि तिन्ही गोष्टी उभ्या राहिल्या. त्या फाइलीची छापील प्रत आता ग्रंथपाल बाईंच्या टेबलाच्या खणात आहे. उद्या मी गाव सोडलं तरी ती राहील.

मराठी टायपिंग आम्ही दोन वाटांनी केलंय. इन्स्क्रिप्टवाल्यांसाठी कीबोर्डची मांडणी थेट एक्समध्येच बदलते, मागे काही चालू ठेवावं लागत नाही. "mi" असं रोमनमध्ये लिहून मराठी उमटवणाऱ्यांना मात्र आयबस लागतं.

एक्सएफसीईला माझा विरोध तत्त्वाचा नाही. ४ जीबी असते तर तोच घातला असता. पण २ जीबीत एक्सएफसीईने सुरुवातीलाच २५०-३०० एमबी जास्त घेतले. झेडरॅमही किती पुरणार, ते भरलं की भार फिरत्या डिस्कवरच जातो. ब्राउझरचा तिसरा टॅब उघडला की डिस्कची करकर सुरू आणि माऊसचा बाण जागच्या जागी थिजतो. माणसाला वाटतं संगणक बंद पडला, तो बटण दाबून विझवतो. हे रोज घडताना मी बघितलंय. वीस एमबीवर मी भांडत नाही, त्या तिसऱ्या टॅबवर भांडतोय.

मास्तरीण (पेडणे)

स्टार्टअपची छापील प्रत खणात ठेवलीत हे फार चांगलं केलंत. तरी आइसडब्ल्यूएममधली एक गोष्ट मला कायम खटकते. येतानाच त्यात चार डेस्कटॉप असतात आणि कंट्रोल, ऑल्ट आणि बाण चुकून दाबला की माणूस दुसऱ्यावर जातो. तिथे सगळं रिकामं.

वाळवंटीकाठ (साखळी)

घडलंय. एक ताई बचत गटाचा वर्षाचा हिशेब टाइप करत होत्या. दीड तास झाला होता. अचानक पडदा कोरा. त्यांचा चेहरा असा पडला की मला विचारायचंही धाडस होईना. हिशेब पहिल्या डेस्कटॉपवर जसाच्या तसा होता, पण पट्टीवर "१ २ ३ ४" असे चार आकडे दिसतात त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. चूक माझी. त्याच रात्री प्रेफरन्सेस फाइलीत डेस्कटॉपच्या नावांची यादी एकाच नावाची केली. आता जायला दुसरा डेस्कटॉपच नाही.

जुना_खिडकीकार (मडगाव)

सगळा धागा वाचला. ओपनबॉक्स या विंडो मॅनेजरचं नाव कोणी घेतलं नाही याचं वाईट वाटलं. उजवी टिचकी मारली की मेनू, बाकी पडदा स्वच्छ. शेवटची आवृत्ती ३.६.१, ती २०१५ ची. लोक त्याला मेलेला म्हणतात. मी म्हणतो काम पूर्ण झालंय.

पण मराठी माणसाने एक गोष्ट आधी तपासावी असं मला वाटतं, आणि ती कुठल्याच तुलनेत लिहिलेली नसते. खिडकीच्या वरच्या पट्टीत मराठी नाव नीट उमटतं का? मी काही वर्षं डीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर वापरला. छोटासा, २००६ पासूनचा, सेटिंग बदलायची तर कोड पुन्हा बांधायचा. मला तो आवडायचा. पण त्याची पट्टी एक्सएफटी या लायब्ररीने अक्षरं काढते, आणि एक्सएफटी अक्षरं एकामागून एक नुसती मांडते, जोडाक्षर घडवत नाही. "विठ्ठल मंदिर" नावाची फाइल उघडली की पहिली वेलांटी व च्या आधी न येता मागे, उजवीकडे जाऊन पडायची आणि ठ खाली पाय मोडलेला वेगळा दिसायचा. फाइलीच्या आत सगळं बरोबर, वरती नाव मोडकं. डीमेनू या त्याच्या प्रोग्रॅम उघडायच्या मेनूतही तेच. ओपनबॉक्स जोडाक्षरं नीट घडवणारी पँगो लायब्ररी वापरतो, तिथे नाव जसं लिहिलं तसं दिसतं. आय-थ्रीतही फॉन्टच्या ओळीत पँगो लिहिलं की जमतं.

आणि बदलून बघायची भीती बाळगू नका. एक्सवर विंडो मॅनेजर चालू असतानाच बदलता येतो. ओपनबॉक्सला रिप्लेस असा पर्याय देऊन हाक मारायची, उघडी पत्रं तशीच उघडी राहतात, फक्त चौकटी बदलतात. एक्सच्या जागी येणाऱ्या नव्या वेलँडमध्ये ही सोय नाही, कारण तिथे चित्र काढणारा आणि खिडक्या सांभाळणारा सहसा एकच असतो. तो पडला की सगळ्या खिडक्या गेल्या.

कीबोर्डकर (फोंडा)

जोडाक्षरांचा मुद्दा लाखमोलाचा. माझ्या फाइलीत पँगो होतं म्हणून मला कधी जाणवलं नाही.

पण एक्सवर किती काळ विसंबणार? सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ मध्ये एक्सचं सत्र मुळातच बंद करून ठेवलं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकवाल्यांनी ऑक्टोबर २०२४ ला लॅबडब्ल्यूसी घेतला, तो तुमच्या ओपनबॉक्सच्याच वळणाचा आहे, पण वेलँडवर. मी स्वतः स्वेवर, म्हणजे वेलँडवरच्या आय-थ्रीसारख्याच मॅनेजरवर गेलो, आय-थ्रीची फाइल जवळजवळ तशीच चालली. आज कुणाला नवीन शिकवायचं तर जे पुढे राहणार तेच शिकवा.

जुना_खिडकीकार (मडगाव)

नव्या यंत्रावर तुमचं बरोबर. पण साखळीच्या पाच संगणकांचं आयुष्य अजून पाच वर्षं धरा. तेवढ्यात डेबियनमधून एक्स जात नाही. जे यंत्र आज चालायला हवं त्याला उद्याच्या रस्त्याची काळजी कशाला लावायची?

नवीन_विद्यार्थी (म्हापसा)

मध्येच विचारतो, माफ करा. काकांच्या घरी गोवा सरकारच्या विद्यार्थ्यांना संगणक देणाऱ्या सायबरएज योजनेच्या काळातला एक पेंटियम ४ पडून आहे. त्यावर यातलं काही चालेल का?

मास्तरीण (पेडणे)

बाळा, आधी तो ६४-बिट आहे का बघ. पेंटियम ४ बहुतेक ३२-बिट असतात आणि डेबियन १३ ने, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, ३२-बिटचा इंस्टॉलर देणं थांबवलंय. शिकायला जरूर वापर, घरच्या कामाला नको. आणि पावसाळ्यात वीज सारखी जाते, तेव्हा जुन्या डिस्कवर महत्त्वाचं काही ठेवू नकोस.

कीबोर्डकर (फोंडा)

वाळवंटीकाठ, माझं मत बदललेलं नाही. एक करा. पाचातला एक संगणक मला द्या, मी येऊन त्यावर टॅबवाला आय-थ्री लावतो, पट्टीवर ब्राउझर, लेखन आणि छपाई अशी माऊसने दाबायची तीन बटणं बसवतो. महिनाभर ठेवा. कोण कुठे बसायला जातं ते बाईंना वहीत लिहायला सांगा.

वाळवंटीकाठ (साखळी)

या. खिडकीजवळचा तिसरा संगणक तुमचा, त्याचा कीबोर्ड त्यातल्या त्यात बरा आहे. शनिवारी या, जेवायलाच या.

वहीचं बाईंशी बोलतो. आणि मडगावकर, उद्या चारला वाचनालय उघडलं की आधी "विठ्ठल मंदिर" नावाची फाइल आइसडब्ल्यूएममध्ये उघडून वरच्या पट्टीकडे बघणार आहे. वेलांटी मागे पडलेली दिसली तर उरलेल्या चार यंत्रांवर ओपनबॉक्स घालीन, इथे मी काहीही लिहिलेलं असलं तरी.