शाळा उघडायच्या आधीचा वैताग: कोकणातल्या मास्तर-बाईंचा अनुभव धागा

सड्यावरची बाई

मंडळी, शाळा जूनच्या मध्यावर उघडते असं लोकांना वाटतं. आपली त्याच्या कितीतरी आधी उघडलेली असते, फक्त त्यात मुलं नसतात, नुसते तक्ते आणि लिंका असतात. म्हणून हा धागा. वेतन आयोग, जुनी पेन्शन, धोरण बिरण ह्याच्यावर दुसरीकडे भांडा, इथे रोजची बारीक कटकट लिहायची, जेवताना दाताखाली खडा येतो ना तशी. शाळेचं, ऑफिसचं, साहेबाचं नाव टाकू नका, तालुका सांगितलात तरी पुरे.

माझ्यापासून सुरुवात करते. राजापूर तालुका, दोनशिक्षकी शाळा, शाळेत रेंज नाही. रेंज आहे ती वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जुन्या चिरेखाणीच्या कडेला, आणि तीसुद्धा समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तरच. मे मध्ये त्रास नाही, संध्याकाळी वाऱ्याला जाऊन बसायचं आणि यु-डायस, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, भरायची. पावसात तिथेच एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं जनरल रजिस्टर. ग्रुपवर मेसेज येतो "अत्यंत तातडीचे, आज सायं. 5 पर्यंत", तो मला दिसतो दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर चढल्यावर, तोवर "माहिती अप्राप्त शाळा" म्हणून यादीत आमचं नाव लाल रंगात झळकलेलं असतं. बरं माहिती काय तर शौचालयं किती, वर्गखोल्या किती. मे महिन्यात वाढल्या असतील का खोल्या? मागच्या वर्षी दिलंय, त्याच्या आधी दिलंय, पण नाही, ह्यावेळी रकान्यांचा क्रम वेगळा आहे ना.

आणि ते अपार आयडीचं, मुलाच्या कायमच्या सरकारी ओळख क्रमांकाचं. शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. आमच्याकडे एक मुलगी आहे तिच्या आधारवर नावातलं एक अक्षर दोनदा पडलंय, जन्मदाखल्यावर बापाचं नाव घरगुती टोपणनावाने आहे, आणि बाप मुंबईत हॉटेलात कामाला, "गणपतीत आलो की बघू". म्हणजे त्या मुलीचं वर्ष गणपतीनंतर सुरू होणार पोर्टलच्या दृष्टीने. ती बिचारी रोज वर्गात बसून पाढे म्हणत असते ते कुठे दिसतच नाही.

लिहा आता तुम्ही.

देवगडकरीण

तुमचं आधारचं वाचून लिहायलाच बसले. आमच्या पट्ट्यात हापूसच्या बागा, आणि बागांची राखण करायला नेपाळी कुटुंबं येतात हे इथल्यांना सांगायला नको. दिवाळीच्या आगेमागे येतात, बागेतच खोपीत राहतात, आंबा उतरला की मे अखेरीस निघून जातात. त्यांची पोरं आम्ही शाळेत घेतो, घ्यायलाच हवीत, कागद नाही म्हणून कुठल्याच पोराला दारातून परत पाठवता येत नाही हे आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातच आहे. तर फेब्रुवारीत कोणी आमची शाळा बघायला आलं तर म्हणेल वा, काय भरलेला वर्ग आहे. जूनमध्ये बाकं रिकामी.

आणि पट मोजतात कधी? 30 सप्टेंबरला. म्हणजे पाऊस सरत आलेला, आंब्याला अजून मोहोर नाही आणि नेपाळी अजून नेपाळातच. त्यात संचमान्यतेला, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरवताना, आधार पडताळलेलीच मुलं धरतात, ह्यांच्याकडे आधार कुठून येणार. निम्मं वर्ष मी ज्यांना शिकवते ती मुलं सरकारी हिशोबात नाहीतच, आणि पट कमी म्हणून माझ्या शाळेतलं एक पद जायला टेकलंय.

गेल्या वर्षी त्यातली एक तिसरीतली पोरगी. आली तेव्हा एक शब्द बोलायची नाही, फक्त बघत राहायची. शिमग्यापर्यंत "बाई, माका पाणी व्हया" करत पुढ्यात उभी राहायला लागली, मराठी नाही हो, आधी मालवणीच शिकली, मधल्या सुट्टीत. मे मध्ये गेली. आता जूनमध्ये वर्गवार याद्या करताना तिचं काय करायचं? चौथीत चढवायची की नाव कमी करायचं? कमी केलं तर नोव्हेंबरात परत नवीन प्रवेश, चढवलं तर सप्टेंबरपर्यंत "सतत गैरहजर" म्हणून खुलासा द्या. वरती विचारलं तर उत्तर आलं, "नियमानुसार कार्यवाही करावी." कुठला नियम ते तुम्ही शोधा.

खाडीपट्टा

कपाट उघडलं, आत फुरसं. हजेरीपत्रकांच्या गठ्ठ्यावर वेटोळं घालून. दोन दिवस कोणी कपाटाला हात लावला नाही, साक्षात तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी पण "असू दे असू दे, रेकॉर्ड नंतर बघू" म्हटलं. एवढी एकच व्हिजिट सुखाची झाली माझ्या नोकरीत.

दापोलीचा सर

छप्पर. बाकी काही नाही, छप्पर.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या शाळेचं अर्धं छप्पर गेलं, दापोली मंडणगडात कितीतरी शाळांचं गेलं. मग एका बाजूला पत्रे आले, दुसरी बाजू कौलारूच राहिली. आता परिस्थिती अशी की कौलांच्या बाजूला गळतं आणि पत्र्याच्या बाजूला ऐकू येत नाही. जुलैमधली सर आली की मी फळ्यावर लिहितो आणि मुलं वाचतात, तोंडाने शिकवणं बंद, आम्ही त्याला मुका तास म्हणतो.

कौलं मे मध्ये परतून घ्यायची असतात, जुनी माणसं घराची घेतात तशीच. पण मे मध्ये माणूस मिळत नाही, सगळे आंब्यात नाहीतर चाकरमान्यांच्या घरांच्या कामात, आणि मिळाला तर त्याची मजुरी कोण देणार. शाळेला अनुदान पटावर मिळतं, 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये, त्यात वीजबिल, खडू, झाडू, रंगरंगोटी, प्रिंटरची शाई सगळं. आणि तेही पैसे जूनमध्ये हातात असतात असं नाही, आधी खिशातले घाला, मग बिलं लावा. एवढं करून कौलं परतली की दुसऱ्या दिवशी वानरांची टोळी फणसावरून थेट छपरावर. दहाबारा कौलं खलास. वानरांना खुलासा मागता येत नाही.

2025 ला तर कहरच, पाऊस 25 मे लाच उतरला. आम्ही म्हणत होतो अजून पंधरा दिवस आहेत, सावकाश करू. पुस्तकांचे गठ्ठे आलेले ते सगळे बाकांवर, वर ताडपत्री, पोषण आहाराचे तांदूळ गावातल्या एका माजघरात. त्या घरच्या आजी अजून मला बाजारात गाठून विचारतात, "गुरुजी, ते उंदरांनी खाल्लेलं किलोभर तुम्ही कशात दाखवलंत?" काय सांगणार, पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅमचा हिशोब, त्यात उंदरांचा रकाना नाही.

मिरग

@दापोलीचा सर, वानरांचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे त्यांनी पाण्याची टाकीपण उघडायला शिकून घेतलंय.

माझं दुखणं पालकसभा. कुडाळ तालुका. शाळापूर्व तयारीचा मेळावा घ्या, माता-पालक गट करा, सगळं चांगलं आहे, मला मनापासून पटतं, पण तारीख ठरवणाऱ्याने कधी कोकणातलं शेत बघितलंय का? मिरग लागला, पहिला पाऊस झाला, सगळा गाव पेरणीला उतरलेला. मी घरोघर फिरले, घरात म्हातारी माणसं आणि कुत्री. शेवटी शेतावरच गेले, बांधावर उभी राहून ओरडून निमंत्रण. एक जण म्हणाली, "बाईनू, पेरणी सोडून मेळावो खय बघू? पोरग्याक तुमीच बघा, आमचो तुमच्यार इश्वास आसा." विश्वास आहे हो, पण सही पाहिजे. मग तिने चिखलाचा हात पदराला पुसला आणि बांधावर सही केली, त्या कागदावर अंगठ्याएवढा चिखलाचा डाग आहे, तो स्कॅन करून मी अपलोड केला.

बिनअनुदानित

सगळे जिल्हा परिषदेचे दिसतायत, मी इंग्लिश मीडियमवाली, शहरातली. आमचं छप्पर गळत नाही पण मे चा पगार गळतो, सुट्टी आहे ना, मग अर्धाच. आणि त्या सुट्टीत प्रत्येक टीचरने ॲडमिशन आणायच्या. मी एम.ए. बी.एड., उन्हात बिल्डिंगी फिरतेय, बेल वाजवून "तुमच्याकडे तीन वर्षांचं कोणी आहे का?" एका दारात माझ्याच शाळेतून पास झालेला मुलगा, मिशी आलेला, म्हणाला टीचर आत या, सरबत प्या. ॲडमिशन नाही मिळाली, कोकम सरबत मिळालं.

मग वर्ग सजावट. थीम ठरवणार मॅनेजमेंट, थर्माकोलला बंदी, फोम शीट स्वतःच्या पैशाने. ह्यावेळी थीम होती "समुद्राखालची दुनिया". चिपळूणला. 2021 च्या जुलैत पुराचं पाणी घरात शिरलेलं ज्यांनी बघितलंय त्यांच्या पोरांना. मी मीटिंगमध्ये बोलले, तर म्हणाले मॅडम निगेटिव्ह विचार नका करू. भिंतीभर मासे लावलेत.

बंदरावरची

मालवणकडची. आमची मुलं मच्छीमारांची. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, म्हणजे नेमका शाळेचा खर्च येतो तेव्हा घरात मिळकत शून्य. दप्तर, छत्री, चपला काही मागायची सोय नाही, आपल्यालाच बोलायला जड जातं. त्यामुळे सरकारी गणवेश आमच्याकडे खरोखर लागतो, आणि म्हणूनच तो वेळेत न येणं जास्त लागतं.

2024 ला सगळ्या राज्याचा एकच गणवेश निघाला तेव्हाची मजा आठवते का? एक ड्रेस शिवून येणार, दुसऱ्याचं कापड येणार, शिलाईला 100 रुपये. आमच्या गावात 100 रुपयात फॉल-पिको पण होत नाही हो. टेलर म्हणाला, "बाई, बटनां तुमची काय माझी?" आणि शिवून आलेले ते मापाचे नाहीत, पहिलीतलं पोर शर्टात हरवलेलं आणि सातवीतल्याला बाह्या कोपरापर्यंत. मग आम्ही सगळे हॉलमध्ये टाकले आणि मुलांना सांगितलं आपापसात बदला ज्याला जो होईल तो. पुढच्या वर्षापासून परत शाळा समितीकडे दिलं ते बरं झालं, निदान भांडायला टेलर समोर तरी असतो.

तरवा

मला कोणी हसू नका. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली असेल तर दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. मी पन्नाशीला टेकले, पोरं शिकवून शिकवून केस पिकले, आता 150 पैकी 90 मार्क काढायला बसलेय. त्यामुळे यंदाच्या तयारीत मुलांची पण तयारी आणि माझी पण. स्वयंपाक करताना कढईशेजारी बालमानसशास्त्र. क्लास लावलाय तो माझ्याच एका विद्यार्थ्याचा, चौथीत त्याला मी पाढे पाठ नाहीत म्हणून उभं केलं होतं. फी घेत नाही, गुणी आहे. पण भर वर्गात विचारतो, "मॅडम, होमवर्क केलात?"

बेल मीच देतो

अनुदानित हायस्कूल, गुहागर तालुका. शिपाई रिटायर झाला, पद भरलं नाही, आयडीवरून कळलंच असेल.

मला कटकट आहे वेळापत्रकाची. बाहेरच्यांना वाटतं चौकोन आखायचे आणि विषय भरायचे. आमचं वेळापत्रक एसटी ठरवते. वरच्या वाड्यांतली मुलं पहिल्या गाडीने येतात, ती गाडी वेळेत आली तर प्रार्थनेला, नाहीतर दुसऱ्या तासाला. म्हणून पहिला तास गणिताचा ठेवायचा नाही, गाडीची मुलं कायमची कच्ची राहतात. मग पहिल्याला चित्रकला टाकावी तर चित्रकलेचे सर दोन शाळांत, ते आमच्याकडे दुपारचे. शेवटचा तास विज्ञान टाकावा तर परतीची गाडी साडेचारची, पावसात व्हाळ, म्हणजे ओढा, भरला की चालक लवकर काढतो, मुलं घंटेआधी दप्तर भरून दाराकडे बघत असतात. मी चार वेळा खोडून पाचव्यांदा आखलं की बातमी येते, आगाराने गाडीची वेळ बदलली. पास काढायचे आणखी वेगळेच, मुलींचा फुकट, मुलांना एक तृतीयांश भाडं, याद्या आम्ही करायच्या, फोटो मुलांनी आणायचे, आणि पोरं आणतात आजीच्या वर्षश्राद्धाच्या ग्रुपफोटोतून कापलेला.

सड्यावरची बाई

@बेल मीच देतो, आमच्याकडे चालक गाडी थांबवून विचारतो, "बाई, सोनवणकरांचा बारका आला नाही का आज?" त्यामुळे एसटीला मी नावं ठेवणार नाही. बाकी बरोबर.

माजी गुरुजी

रिटायर होऊन घरी आंब्याची कलमं बघत होतो. 2023 ला जिल्ह्यातले बरेच शिक्षक बदलीने आपापल्या जिल्ह्यात गेले, शाळा ओस पडल्या, तेव्हा सेवानिवृत्तांना महिना 20,000 मानधनावर बोलावलं, मी गेलो. सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही तरी बोलतो, घाटावरून आलेल्या शिक्षकांना शिव्या घालतात लोक, पण तुम्ही आईबाप सांगलीला ठेवून मंडणगडच्या वाडीत वर्षानुवर्षं राहून बघा, मग बोला. आता कागदांचं म्हणाल तर आमच्यावेळीही होतेच, फक्त ते पोस्टाने यायचे आणि पोस्टमनला ताप आला की आपल्याला सुट्टी.

एकटाच

एकशिक्षकी. संगमेश्वर तालुका, वाडीत शाळा. पहिलीला ह्यावर्षी एक मुलगा. तर प्रवेशोत्सव. आदेश आला की नवागतांचं वाजतगाजत स्वागत, गुलाबपुष्प, शक्यतो बैलगाडीतून मिरवणूक. बैलगाडी आता कोणाकडे आहे, शेवटी पलीकडच्या वाडीतून मागवली, ती शेणखताची होती, धुऊन घेतली. पोराला बसवायला गेलो तर बैल बघून बोंब ठोकली, आईच्या साडीत तोंड घालून खाली यायलाच तयार नाही. मग गाडीत चौथीतली दोन, सरपंच, आणि मागून चालत नवागत, आईच्या कडेवर. फोटो पाच मागितले होते, वेगवेगळ्या उपक्रमांचे. पाचही फोटोत तेच पोर, पाचही फोटोत रडतंय. वरून मेसेज आला, "फोटोत आनंददायी वातावरण दिसावे, पुन्हा पाठवा."