न्यूरोसायन्स क्लबला पोरं टिकत नाहीत, बंद करावा का?

अर्धवट_न्यूरॉन
दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघांनी मिळून युनिव्हर्सिटीत न्यूरोसायन्सचा क्लब काढला. पहिल्या मीटिंगला ४० जण आले, खुर्च्या कमी पडल्या, आम्ही नुसते हवेत. पाचव्या मीटिंगला ६ जण, त्यातले ४ आम्हीच पदाधिकारी. करतो काय म्हणाल तर दर दोन आठवड्यांनी कोणीतरी पीपीटी लावतं. मागच्या वेळी मी हिप्पोकॅम्पसवर (मेंदूतला आठवणी साठवायला मदत करणारा भाग) ५२ स्लाइड लावल्या आणि अठराव्या स्लाइडला मागच्या रांगेतला एकजण चक्क घोरायला लागला (झोपेत आठवणी पक्क्या होतात हेच मी तेव्हा सांगत होतो, तो भाग वेगळा). फिजिक्स-कॉम्प्युटरवाले म्हणतात सगळं डोक्यावरून जातं, बायोवाले म्हणतात हे तर सिलॅबसमध्येच आहे. मोठे पाहुणे बोलवावेत का? की गुंडाळावं?

टोचणारी_सुई
पाहुणे नका बोलावू, पाहुणा गेला की परत ६ जणच उरतात. लोकांच्या हातात काहीतरी द्या. ३० सेंटिमीटरची एक पट्टी घ्या, बास. एकाने वरून धरायची, दुसऱ्याने खाली शून्यापाशी बोटांची चिमूट उघडी ठेवायची, न सांगता सोडायची, कुठे पकडली ते वाचायचं. २० सेंटिमीटर आलं म्हणजे साधारण ०.२ सेकंद, शाळेतलं पडणाऱ्या वस्तूचं सूत्र लावलं की झालं, फिजिक्सवाले तिथेच खूश. प्रत्येकाचे दहा-दहा आकडे घ्या, एकावर भरोसा नको. मग डोळे मिटायला लावा आणि सोडताना तोंडाने 'टक' म्हणा. बहुतेकांचा आकडा कमी येतो, आणि इथे खरी चर्चा सुरू होते, कारण सगळे आधी म्हणणार की डोळा फास्ट, प्रकाश फास्ट. अरे पण प्रकाश कितीही फास्ट असला तरी रेटिनामधली (डोळ्याच्या आतल्या पडद्यातली) रासायनिक साखळी पूर्ण व्हायला वेळ लागतो, कानातल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) त्या मानाने लगेच सिग्नल देतात.

एक गंमत म्हणजे कोणाचं ५ सेंटिमीटरच्या आत आलं तर टाळ्या वाजवू नका, ते ०.१ सेकंद होतं, म्हणजे त्याने अंदाजाने आधीच चिमूट मिटली. धावण्याच्या शर्यतीत पण ०.१ च्या आत हललात तर फाउल धरतात ते ह्याचसाठी.

गणितवाली
सुईला +१, पण आमच्यासारख्यांना पण काहीतरी ठेवा ना. मी गणिताची, बायोलॉजी दहावीनंतर सोडलेली, आणि मला या विषयात ओढलं ते हॉजकिन-हक्सली या दोन शास्त्रज्ञांच्या मॉडेलने, म्हणजे चेतापेशीत विजेचा सिग्नल कसा उठतो त्याचं गणित. १९५२ चं काम, स्क्विडचा अॅक्सॉन (चेतापेशीचा लांब धागा) वापरला कारण तो जवळजवळ अर्धा-एक मिलिमीटर जाड असतो, आत तार घालता येते. चार समीकरणं आहेत, बास. हक्सलीने ती हाताने फिरवायच्या यंत्रावर सोडवली कारण कॉम्प्युटर तेव्हा बंद होता, आपण लॅपटॉपवर पायथनमध्ये एका संध्याकाळी करतो. करंट थोडा थोडा वाढवत नेला की बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम स्पाइक, म्हणजे सिग्नलचा उंच झटका, उठतो. तो क्षण स्क्रीनवर स्वतः बघितला की थ्रेशोल्ड (सिग्नल उठायला लागणारी किमान पातळी) कुणी शिकवायला लागत नाही. बायोवाल्याला कोडवाल्याशेजारी बसवा, जोडी करूनच.

मागच्या_बाकावरून
थोडा विरोध नोंदवतो. नुसते प्रयोग केलेत तर दोन-तीन महिन्यांत जादूचे प्रयोग होतात, वाह वाह करून लोक घरी. महिन्यातून एकदा पेपर वाचाच, फक्त पहिल्या पानापासून नको. आधी एकच आकृती दाखवायची आणि विचारायचं, यात काय दिसतंय, तुम्हाला पटतंय का? सुरुवात मेलेल्या सालमन माशापासून करा. बेनेट आणि मंडळींनी मेलेला मासा एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारं स्कॅन) ठेवला, माणसांचे फोटो दाखवले, आणि हजारो जागी एकाच वेळी टेस्ट केली की काही जागी निव्वळ योगायोगाने होकार येतो, त्याची दुरुस्ती न केल्यामुळे माशाच्या मेंदूत 'अॅक्टिव्हिटी' दिसली. २०१२ मध्ये त्याला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. आमच्याकडे यावर दीड तास भांडण झालं, पीपीटी शून्य.

तिसरा_मजला
सगळं छान, एक सांगते, अनुभवाचं आहे. आमच्या क्लबात एकाने स्वस्तातला ईईजी हेडबँड (मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजणारा पट्टा) आणला. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लहर वाढते, हान्स बर्गरने १९२९ मध्येच छापलंय ते, बघायला मस्त वाटतं. पण ह्या शहाण्याने एका फर्स्ट इयरच्या मुलीला सांगून टाकलं की तुझा अल्फा कमी आहे, तुला अँग्झायटी असणार. ती आठवडाभर झोपली नाही. तिला काहीही झालेलं नव्हतं, हेडबँड नीट बसला नव्हता एवढंच. तेव्हापासून आमचा नियम आहे की क्लबात कोणाचंही निदान करायचं नाही, मायग्रेन किंवा आजोबांच्या विसरण्याबद्दल कोणी विचारलं तर डॉक्टरकडे पाठवायचं, आणि मोजमाप घेण्याआधी परवानगी घ्यायची, नाही म्हटलं तर विषय संपला. लोक येतात ते बऱ्याचदा घरातल्याच कोणाच्या तरी आजारामुळे, हे लक्षात ठेवा.

अर्धवट_न्यूरॉन
काल मीटिंग झाली म्हणून परत आलो. पीपीटी नाही, नऊ पट्ट्या. १७ जण होते. 'टक' वाल्या फेरीत १७ पैकी १४ जणांचा आकडा कमी आला, मग उरलेल्या तिघांवरून वाद, एक म्हणे त्यांचे कान खराब, दुसरी म्हणे दहाच वेळा मोजलंय, पन्नास वेळा मोज. वॉचमन काका येऊन दिवे बंद करेपर्यंत कोणी उठलं नाही. घोरणारा पण आला होता, सगळ्यात कमी सरासरी त्याचीच, १३ सेंटिमीटर.

@तिसरा_मजला तुमचा नियम जसाच्या तसा उचललाय, हरकत नसावी.

पुढच्या वेळी प्रिझमच्या चष्म्याचा (ज्यातून सगळं थोडं बाजूला सरकलेलं दिसतं) प्रयोग करायचाय, तो ज्यात आधी चेंडू बाजूला जातो, मग वीस-पंचवीस फेकींत नेम जमतो आणि चष्मा काढला की उलट्या बाजूला जातो. तसा चष्मा घरी बनवलाय का कोणी? कसा?