विषय: कंप्रेसर कोणाकडे आहे? (कोजागिरी, वाळवंट)

प्रेषक: नितीन

मंडळी, नमस्कार.
मंडळाचा हवा भरायचा कंप्रेसर सध्या कोणाकडे आहे? शनिवारी लागणार, वाळूत शिरताना टायरची हवा काढणार ती बाहेर पडताना परत भरायला. मागच्या वर्षी लाहबाबच्या वाळवंटातून निघताना जे झालं ते परत नको. बारा गाड्या नक्की, दोघे 'बघतो' म्हणालेत. ज्याच्याकडे असेल त्याने गुरुवारच्या आत एकदा चालवून बघा आणि इथेच कळवा. मला वेगळं व्हॉट्सअ‍ॅप करू नका, सापडत नाही.
नितीन

---

प्रेषक: संजय (शारजा)
विषय: उत्तर: कंप्रेसर कोणाकडे आहे?

माझ्याकडे. यंत्र चालतंय, नळीही ठीक आहे. पण लायटरच्या सॉकेटला लावला की दुसऱ्या टायरला फ्यूज उडतो. आधी माझ्या गाडीत उडाला, मग श्रद्धाच्या. मोठा फ्यूज टाकून बघू का? नाहीतर सरळ नवीन घ्या, मी मागच्या वर्षीच म्हणालो होतो. मिनिट्समध्ये असेल.

---

प्रेषक: मीनल
विषय: उत्तर: उत्तर: कंप्रेसर कोणाकडे आहे?

> मिनिट्समध्ये असेल.

नाहीये. मिनिट्स मीच लिहिलेत.
कोजागिरीचं बजेट मंजूर आहे ते दूध, सुका मेवा, पावभाजी आणि मुलांच्या खेळांसाठी. कंप्रेसर त्यात कुठे बसवायचा? सांस्कृतिकमध्ये टाकला तर ऑडिटला मी काय सांगू? दोन कोटेशन्स आणा, समितीपुढे ठेवते.
आणि मंडळाची वस्तू कोणाच्या तरी डिकीत वर्षभर राहते हेही एकदा बोलायला हवं. गणपतीचं मोठं पातेलं अजून परत आलेलं नाही.
मीनल (खजिनदार)

---

प्रेषक: गोखले काका

नितीन, मीनल, सर्वांना आशीर्वाद.
कंप्रेसरवाचून इतकं अडायचं कारण नाही. आम्ही सुरुवातीला जायचो तेव्हा दोनच गाड्या असायच्या आणि पायाने मारायचा पंप. एका टायरला घाम फुटायचा, चारांना कंबर जायची. पुढे पुढे आम्ही हळूहळू पेट्रोल पंपापर्यंत यायचो आणि तिथे भरायचो. फुकट हवा मिळते, मशीनवर आकडा टाकला की आपोआप थांबतं.
फक्त वाळूसाठी उतरवलेल्या त्या कमी हवेवर हायवेला लागू नका. १५ पीएसआय दाबाच्या टायरने कोणी शंभरच्या वेगाने गेला की टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते आणि आतून तापते. आमच्यातल्या एकाचा हत्तामार्गावर असाच फाटला होता. घरची मंडळी गाडीत होती, नशीब म्हणायचं. सर्व्हिस रोडने, चाळीसच्या आत.
काका

---

प्रेषक: प्रशांत (अबुधाबी)
विषय: उत्तर: फ्यूज

संजय, मोठा फ्यूज अजिबात टाकू नकोस. फ्यूज कंप्रेसरसाठी नसतो, सॉकेटमागच्या वायरसाठी असतो. बहुतेक गाड्यांत तो १० किंवा १५ अँपियरचा. १५ धरला तरी १२ व्होल्टला १८० वॉट झाले, संपलं. तू २५ चा टाकलास तर फ्यूज वाचेल आणि डॅशबोर्डच्या आत वायर वितळेल. जोरकस कंप्रेसर थेट बॅटरीलाच लागतो, मगरीच्या तोंडाच्या क्लिपा असतात ना, त्यांनी. आणि इंजिन चालू ठेवून, नाहीतर व्होल्टेज पडतं आणि मोटर रडत राहते.

आता बारा गाड्यांचा हिशेब, कारण खरा अडसर तोच आहे. प्राडो, पजेरोवर असतो तो २६५/६५ आर १७ टायर, त्याच्या पोटात साधारण ७० लिटर जागा. १५ वरून ३५ ला न्यायचा म्हणजे २० पीएसआय वाढवायचे, म्हणजे जवळपास ९५ लिटर हवा एका टायरला, गाडीला ३८०. खोक्यावर '७२ लिटर प्रति मिनिट' छापलेलं असतं ते शून्य दाबाचं, नळी मोकळी सोडून. दाब चढला की ते उतरतं, ४०-४५ धरा. टायरला दोन-सव्वादोन मिनिटं, वर नळी काढा, लावा, गेज बघा, टोपण वाळूत पडलं ते शोधा. एका गाडीला बारा मिनिटं तरी गेलीच. बारा गाड्यांना दोन तासांच्या वर, तेही यंत्राला विश्रांती न देता. तेवढा वेळ सलग छोटं यंत्र चालत नाही, तापून स्वतःच बंद होतं.

एआरबी कंपनीचा दोन सिलिंडरवाला कंप्रेसर शून्य दाबाला १७४ लिटर देतो आणि २९ पीएसआयलाही १३२ च्या आसपास. तिथे टायरला मिनिटही लागत नाही. पण तो ५० अँपियरच्या घरात ओढतो. मधला पर्याय व्हायएअर ४००पी: मिनिटाला २.३ घनफूट म्हणजे ६५ लिटर, ३० अँपियर. त्याचा ३३ टक्के ड्युटी सायकल (म्हणजे एकूण वेळेपैकी किती वेळ चालवायचा, बाकी विश्रांती) बघून घाबरू नका, तो १०० पीएसआयला मोजलेला आहे. आपण ३५ वर थांबतो, तिथे तो बराच जास्त वेळ चालतो.

काका, पेट्रोल पंपावर मशीन एक आणि आपण बारा, वर शनिवारची रात्र. रांग तीच, फक्त जागा बदलली.

---

प्रेषक: श्रद्धा

प्रशांत, हिशेब पटला, पण प्रत्येकाने १५ ला का उतरायचं? आपण नेहमीच्या जागी सपाटीवर दूध प्यायला जातोय, टेकड्या चढायला नाही. कुटुंबाच्या गाड्यांना १८ पुरे. तीन पीएसआय कमी भरावे लागतील आणि नवख्याने जोरात स्टिअरिंग वळवलं तरी पॉप-आउटची, म्हणजे टायर रिमवरून निसटायची, भीती कमी.

माझा टीमॅक्सचा १६० लिटरवाला मी आणते. तो माझा आहे, मंडळाचा नाही, आणि मीच चालवणार. मागच्या वेळी कोणीतरी तो थेट वाळूत ठेवला. ते यंत्र थरथरतं, थरथरत खाली रुततं आणि फिल्टरमधून वाळू ओढतं. गाडीतला रबरी मॅट खाली घालायचा, एवढंच. आणि चार टायर भरून झाले की नळीच्या तोंडाचं पितळ उघड्या बोटांनी फिरवू नका. माझ्या अंगठ्यावर डाग आहे. खटक्याचं तोंड बसवून घ्या, स्क्रूचं नको.

गेज बघताना यंत्र बंद करून बघा. चालू असताना काटा नळीतला दाब दाखवतो, टायरमधला नाही. तीन-चार पीएसआय जास्तच दिसतो आणि लोक खुशाल टोपण लावून निघतात.

---

प्रेषक: संजय (शारजा)

श्रद्धा, 'कोणीतरी' म्हणजे मी नव्हतो. मी तेव्हा पावभाजीवर होतो.

---

प्रेषक: गोखले काका

श्रद्धा, १८ चं म्हणणं सपाटीपुरतं ठीक. पण पावसाविना तापून मोकळी झालेली ऑक्टोबरची वाळू फार मऊ असते. हवा काढली की टायर रुंद होतो असं सगळे म्हणतात, खरं तर तो जास्त करून लांबीला पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. म्हणून तरतो. १८ वर एक जरी रुतला तर त्याला काढण्यात जो वेळ जाईल तो तुमच्या तीन पीएसआयच्या बचतीपेक्षा जास्त. मी १५ वरच जाणार.

चार नळ्यांचा जो जोड मिळतो, एकदम चार टायर भरतो, तो कोणाकडे आहे का? माझ्या जावयाने मागवलाय.

---

प्रेषक: प्रशांत (अबुधाबी)

काका, त्या जोडाने हवा वाढत नाही, एकच कंप्रेसर चौघांत वाटला जातो. वाचतं ते वाकणं आणि नळ्यांची काढ-लाव, आणि चारही टायर सारख्या दाबाला येतात. तुमच्या कंबरेसाठी उत्तम. रांगेसाठी थोडासाच.

पॉप-आउटवरून आठवलं. टायर रिमवरून निसटला तर तो परत बसवायला दाब नाही, एकदम भरपूर हवा लागते. वाळू पुसून, व्हॉल्व्हचा गाभा काढून भरायचं. तिथे ७२ लिटरवालं यंत्र नुसतं फुसफुसत बसतं. एक तरी जोरकस यंत्र शेवटच्या गाडीत हवं.

---

प्रेषक: मकरंद

नमस्कार, मी पुण्याला परत येऊन तीन वर्षं झाली, कृपया माझं नाव यादीतून काढा. आधीही लिहिलं होतं.
बाकी, ते बॅटरीवर चालणारे हातात मावणारे पंप का घेत नाही? मी इथे घेतलाय, फार सोयीचा आहे.

---

प्रेषक: श्रद्धा

मकरंद, तुझी गाडी हॅचबॅक आहे आणि तू तीन-चार पीएसआय भरतोस. आमच्या टायरला वीस भरायचेत. दुसऱ्या गाडीपर्यंत त्याची बॅटरी मान टाकते. शिवाय लिथियमची बॅटरी इथल्या उन्हात बंद गाडीत ठेवायची नाही, म्हणजे दर वेळी घरून उचलून आणा. सायकलला छान आहे.
(यादीतून नाव नितीन काढतो, मी नाही.)

---

प्रेषक: केतन

पहिल्यांदाच येतोय. माझी ग्रँड चेरोकी आहे, तिची बॅटरी पुढच्या सीटखाली आहे. मग क्लिपा कुठे लावू? आणि पहाटे टायरमध्ये ३५ दिसलं नाही तर हवा गळतेय असं समजायचं का?

---

प्रेषक: प्रशांत (अबुधाबी)

केतन, बॉनेट उघड, उजवीकडे-डावीकडे लाल झाकणाचा एक खुंटा दिसेल. जंप स्टार्टसाठी दिलाय, कंप्रेसरलाही तोच. काळी क्लिप शेजारच्या अर्थच्या खुंट्याला. आधी लाल, मग काळी, काढताना उलट.
पहाटेचं: वाळूतून बाहेर येताना टायर तापलेले असतात. तापमानाच्या दर दहा अंशांमागे दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो. गरम टायरला ३५ भरलंस तर सकाळी ३२ दिसेल. घाबरू नकोस, गार टायरला पुन्हा बघून दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे कर.

---

प्रेषक: मीनल

सगळ्यांनी यंत्रांची नावं दिली, कोटेशन एकाचंही आलं नाही. या वर्षी खरेदी होत नाही. दिवाळीनंतरच्या सभेत ठेवते.
पातेल्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही हेही नोंदवते.

---

प्रेषक: नितीन
विषय: शनिवार – हवेची व्यवस्था

ठीक आहे, असं करू.
बाहेर पडायच्या जागी तीन ठिकाणी हवा भरली जाईल. श्रद्धाचा १६० लिटरवाला मधे, त्यावर सात गाड्या. प्रशांत अबुधाबीहून व्हायएअर आणतोय, त्यावर चार. मंडळाचा जुना संजयकडे, फक्त त्याच्या स्वतःच्या गाडीसाठी, क्लिपांची वायर लावून घेऊन. सॉकेटला लावायचा नाही. काकांच्या जावयाचा जोड आला तर काकांच्या गाडीला.
लहान मुलं असलेल्या गाड्या आधी. ज्यांची भरून झाली त्यांनी गप्पा मारत तिथेच उभं राहू नये, रस्त्याच्या बाजूला पुढे सरकावं, मागच्या वर्षी त्यातच अर्धा तास गेला.
किती उतरायचं यावर आणखी मेल नकोत. पुढची गाडी माझी, मी १५. कुटुंबाच्या गाड्या १८ ने सुरू करा, रुतलात तर १५.
गेज ज्याचं त्याने आणावं, रबरी मॅटही.
मकरंद, काढलं.
दूध आटवायला पातेलं लागणारच आहे, ज्यांच्याकडे असेल त्यांनी मीनलला फोन करावा, इथे लिहू नये.
नितीन