मनालीला पाऊस दाखवतायत म्हणून ट्रिप कॅन्सल?

वर कोणीतरी लिहिलंय की मनालीच्या अंदाजात 'हलका पाऊस' आहे, म्हणजे बर्फ मिळणार नाही, तिकिटं कॅन्सल करा. मला नाही पटत. तो अंदाज मनाली गावाचा असतो, म्हणजे साधारण २०५० मीटरचा, आणि हजार मीटर वर गेलं की तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे गावात ४ अंशांवर पाऊस रिपरिपत असेल तर अटल बोगद्याच्या तोंडाशी, ३००० मीटरच्या वर, शून्याखाली असतं आणि तिथे सरळ बर्फच पडतो. सोलंग खोरं या दोन्हींच्या मधल्या उंचीवर, तिथे कधी पाऊस कधी बर्फ. मागच्या खेपेला आम्ही गावात छत्री उघडून चहा पीत होतो आणि वरून खाली येणाऱ्या टॅक्सीच्या टपावर वीतभर बर्फाचा थर होता. भीती बर्फापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळची जास्त, रात्री आकाश मोकळं झालं की ओला रस्ता गोठून काचेसारखा होतो आणि तो नुसता ओला आहे असंच वाटतं, तेव्हा ऊन पडल्याशिवाय वर निघूच नका प्लीज, लहान मुलं असतील तर नक्कीच नाही.

आणि ठाण्यात दोन दिवस जे मळभ आणि उकडणं चाललंय ना, ते बरेचदा मनालीत हा पाऊस-बर्फ आणणाऱ्या पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतात येणाऱ्या पावसाळी हवेच्या पट्ट्यामुळे असतं. तो पुढे सरकला की उत्तरेचे वारे सुटतात आणि आपल्याकडे येऊरच्या पायथ्याला, घोडबंदरला पहाटे खरा गारठा पडतो.