अंडी भरपूर म्हणजे कोंबडी सुखी?

पिंजऱ्यातल्या कोंबडीपालनाची बाजू घेणारे म्हणतात की त्यातून स्वस्त प्रथिने मिळतात, शिवाय पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते, तेव्हा तिचे बरेच चालले असले पाहिजे. हा निष्कर्ष मला पटत नाही. तिची मूळ पूर्वज असलेली रानकोंबडी वर्षाकाठी डझनभर अंडी घालते. आजचा आकडा निवडक पैदाशीतून आला आहे आणि कोंबडी आजारी असली तरी तो बराच काळ टिकतो. कवचासाठी लागणारे कॅल्शियम खाद्यातून पुरेसे न मिळाल्यास हाडांतून ओढले जाते, त्यात हालचाल नाही, म्हणून ती हाडे इतकी ठिसूळ होतात की पिंजऱ्यातून बाहेर काढतानाही मोडतात. सुमारे 450 चौरस सेंटिमीटर जागेत, म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही कमी जागेत, तिला पंख पसरता येत नाहीत.

आमच्या बडोद्यात रावपुऱ्याकडे संध्याकाळी भुर्जीच्या गाड्यांवर तीस-तीस अंड्यांच्या ट्रेंची चळत लागलेली असते. तिथे ही चौकशी कोण करणार, आणि गिऱ्हाईकाला दोष तरी का द्यावा? जबाबदारी कायद्याची आहे. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे 2012 पासून बंद केले. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये हालचालीला पुरेसा नसलेला पिंजरा गुन्हाच ठरतो, आणि 2017 मध्ये विधी आयोगाने अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्यांसाठी नियमांचा मसुदाही सुचवला होता. स्वस्त प्रथिनांचा त्यांचा मुद्दा मी नाकारत नाही, परंतु पिंजरामुक्त पद्धतीत अंडे नेमके किती महाग पडेल, हे मांडल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.